सोवळ्यातली टपालपेटी

नवऱ्याने जिन्याखालच्या कपाटात घरचा मेल सर्व्हर बसवला, तेव्हापासून बायकोची टपालपेटी अगदी सोवळ्यात होती. एक जाहिरात नाही की लॉटरी नाही. "बघ, किती स्वच्छ!" असे तो येता-जाता म्हणे. नातेवाईक त्याला 'स्वावलंबी' म्हणत, आणि त्या भल्या माणसाला ते कौतुक वाटे.

बायकोचा जीव मात्र टांगणीला लागला होता. संग्रहालयात जुन्या पुस्तकांची बांधणी करणारी हवी होती. तिची मुलाखत छान झाली होती आणि उत्तर मेलने यायचे होते. काही बिघडले तर नाही ना, असे तिने विचारले की स्वावलंबी स्वतःच्या पेटीतून तिला पत्र धाडी. ते पापणी लवायच्या आत पोचे, आणि तो असा बघे की जणू आत्ताच सेतू बांधून परतलाय.

मग नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादाच्या कपाटाने मला भामटी ठरवून पत्र परत पाठवलंय. लहानपणी हे काम तो स्वतः करायचा, आता यंत्र ठेवलंय वाटतं."

स्वावलंबी कपाटात शिरला. नोंदी वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. बाहेरून पत्र आले की सर्व्हर भामट्यांची यादी ठेवणाऱ्यांकडे पाठवणाऱ्याची चौकशी करी. पण नावावरून पत्ता शोधायचे काम, म्हणजे डीएनएस, स्वावलंब्याने एका अवाढव्य फुकट सेवेवर सोपवले होते आणि ही चौकशीही तिच्याच मार्फत जाई. तिच्या गर्दीतून नेमके कोण विचारतेय हे कळत नसल्याने यादीवाले अशा प्रश्नांवर 'सांगणार नाही' एवढाच शेरा मारत. सर्व्हरने त्याचा अर्थ 'होय, भामटाच' असा घेतला. सारे जग लबाड, हे कपाट तेवढे सज्जन! घरातल्या घरातल्या पत्राची चौकशी मुळी होतच नव्हती.

"कुणावर अवलंबून राहायचं नाही म्हणून एवढा खटाटोप केलास," बायको शांतपणे म्हणाली, "आणि विचारायला मात्र परक्याला पाठवलंस."

त्याने घरातच डीएनएसचा शोधक बसवला, स्वतः थेट मुळाशी जाऊन विचारणारा. तिने संग्रहालयाला फोन करून पत्र पुन्हा पाठवायला सांगितले. आधी तीन जाहिराती आल्या, मग एक लॉटरी, आणि तिच्या पाठीला पाठ लावून ते पत्र. तिची निवड झाली होती. खाली विनंती होती, की यापुढे कृपया पत्र पोचेल असा पत्ता द्यावा.

तिने नणंदेचा दिला.

स्वावलंब्याने आपल्या पेटीतून तिला अभिनंदनाच्या चार ओळी लिहिल्या. त्या मात्र लगेच पोचल्या.