नोरमुरोद तबीबाची कणीक

त्या शुक्रवारी आमच्या गावच्या वैदूच्या, नोरमुरोद तबीबाच्या, अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तुतीखाली दाटीवाटीने बसलेल्या माणसांतून चहाच्या किटल्या फिरत होत्या. तबीबाने एका म्हाताऱ्याच्या कमरेवरून कणकेचा गोळा उचलला, फोडला, आणि आतून रक्ताने माखलेला हरभऱ्याएवढा खडा काढून उंच धरला. अंगणभर "सुभानल्ला" झालं. म्हातारा रडत त्याच्या हातांचे मुके घेऊ लागला.

"सुरी नाही, टाका नाही!" तबीब गरजला. "दवाखानेवाले खडा फोडायला मशीन लावून लाटा मारतात. चरबीचे सात पडदे असले की लाट वाटेतच दमते! माझी कणीक सातही पडद्यांतून मुतखडा ओढते. एकच अट. दुवा पढलेल्या गोळ्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लावलात, की खडा परत पोटात!"

हात कोण लावणार? आम्ही उझबेक माणसं रोटी कधी पालथी ठेवत नाही, पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावतो. त्याने नेमकी कणीकच का निवडली, हे मला आधीच कळायला हवं होतं. बावीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे मी.

मी आले होते झुल्खुमोर ओपाला न्यायला. ती माझी थोरली मावसबहीण, म्हणून ओपा, म्हणजे ताई; गावची रोटीवाली. वजन एकशे अडतीस किलो, उजव्या मूत्रपिंडात अक्रोडाएवढा खडा, आणि कालपासून थंडी वाजून ताप. तालुक्याच्या डॉक्टरने तिला हात न लावताच सांगितलं होतं, "आधी चाळीस किलो उतरव. तुझ्यासाठी काय उंटाचं टेबल मागवू?" तेव्हा मी त्याच खोलीत उभी होते. गप्प उभी होते.

"ओपा, ऊठ," मी तिच्या कानाशी म्हटलं. "फरगण्याला गुलअंदोम नावाची नवी सर्जन आलीय. तिने तुझे एक्स-रे पाहिलेत. याच वजनावर ऑपरेशन करते म्हणाली. खड्याने वाट बुजलीय, आत पू साचतोय. आज गेली नाहीस तर मूत्रपिंड जाईल, आणि मागोमाग तू."

"पुन्हा हसं करून घेऊ? इथे निदान कुणी वजन काढत नाही."



तेवढ्यात तिचा नंबर आला. ती कुशीवर झाली. तबीबाने परातीवरच्या फडक्याखालून एक गोळा काढून तिच्या कमरेवर दाबला आणि डोळे मिटले. ओपाने मात्र उघडले.

"तबीब, थांबा जरा. ही कणीक कुणी मळली?"

"दुव्याने मळली, बाई. बोलू नकोस, खडा बिथरेल."

"तो बिथरलाच आहे! तुमची दुवा सुरू व्हायच्या आत बाहेरूनच टोचतोय!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तबीब चिडला. "एवढ्या चरबीत तुला आतलं-बाहेरचं काय कळणार?"

इथे त्याचं चुकलं. ओपा माझ्या खांद्यावर भार देऊन उठली, तापाने थरथरत. "तीस वर्षं कणीक मळतेय मी. तिच्यात मिठाचा खडा राहिला तरी बोटाला कळतो. आणि जाड माणसाला काय कातडी नसते?"

तिने परातीवरचं फडकं ओढलं. रांगेतल्या लोकांसाठी गोळे मांडून ठेवले होते.

"पाप लागेल!" तबीब धावला.

"रोटीला हात कसा लावायचा ते मला शिकवू नका." ओपाने गोळा कपाळाला लावला आणि फाडला. आत रक्तात बुडवलेला खडा. दुसऱ्यात खडा. तिसऱ्यातही. रांगेतल्या माणसांना अजून तबीबाचं बोटही लागलं नव्हतं, आणि त्यांचे मुतखडे परातीत तयार होते!

"अहो, माझा तर नुसता गुडघा दुखतो," एक बाई म्हणाली. "माझाही खडा?"

म्हाताऱ्याने माझी बाही धरली. "पोरी, मग माझा?"

"आतच आहे, बाबा. उद्या दवाखान्यात या."

"माणसांना फसवलंस ते फसवलंस," ओपा तबीबावर ओरडली, "पण तू रोटीला खोटं बोलायला लावलंस!" मग माझ्याकडे वळली. "गाडी बोलाव. आणि त्या सर्जनला सांग, वजनावरून हसली तर तिलाही अशीच फाडीन."

गुलअंदोम हसली नाही. तिने समोर बसून सांगितलं, "भूल देणं अवघड आहे, धोकाही जास्त आहे. लाटा तुमच्या खड्यापर्यंत नीट पोचणार नाहीत, तबीब तेवढं खरं बोलला. पण लहानसं छिद्र पाडून लांब नळीने पोचता येतं. वजनामुळे मी सावध राहीन. परत पाठवणार नाही." त्याच दिवशी नळी घालून पू काढला. ताप उतरल्यावर, दोन आठवड्यांनी, खडा आतल्या आत फोडून तुकडे बाहेर काढले. मूत्रपिंड वाचलं, ओपा वाचली.

तेव्हा चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, आधी उघडून दाखव. आणि "तुझं होणार नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरलाही तितक्याच मोठ्या आवाजात विचारा, का होणार नाही? विचारल्याने कुणाचा खडा परत पोटात जात नाही. तबीबाच्या अंगणातली निम्मी गर्दी त्याने जमवलेली नव्हती. ती आम्ही आमच्या दवाखान्यातून हाकलली होती.