ढवळूचं लोखंडी जातं

जव्हारची वस्ती संपून जामसरची वाट सुरू होते तिथं ढवळूचं कुडाचं घर होतं. घराला लागून पडवी आणि पडवीत ते मशीन. पायानं खालची फळी दाबली की जड चाक फिरायला लागायचं, चाकावरचा चामडी पट्टा वरचा कणा फिरवायचा, आणि कण्यात धरलेलं लोखंड गरगरत हत्याराच्या टोकाखाली सोलून निघायचं. आगगाडीच्या कारखान्यात त्याला लेथ म्हणत. इथले लोक त्याला ढवळूचं लोखंडी जातं म्हणायचे.

ढवळू पोरसवदा असताना मोखाड्यावरून पायी इगतपुरीला गेला होता. आगगाडीच्या शेडात आधी त्यानं कोळसा वाहिला, मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लोखंड कातायला शिकला. मिस्त्रीला मूलबाळ नव्हतं. काम सोडून मुलखाला परत जाताना त्यानं आपल्या घरातलं जुनं लेथ ढवळूला देऊन टाकलं. सुटे भाग करून, गवतात गुंडाळून, दोन बैलगाड्यांतून ते त्र्यंबकच्या अंगानं आलं. ते बघायला वाटेवरच्या पाड्यांतले लोक बांधावर उभे होते.

मशीन आलं आणि ढवळूला उसंत राहिली नाही. विहिरीच्या कप्प्यांचे दांडे, मुसळांच्या टोकाच्या लोखंडी वसव्या, गाड्यांच्या चाकांत आसाभोवती बसणारे बिडाचे बुश, एकदा तर राजवाड्याच्या बग्गीचा आसही त्याच्या पडवीत आला. भातशेती त्याची बायको गौरा बघायची. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कातलं की काळी भुकटी पडते, पण नरम लोखंड कातलं की त्याच्या कुरळ्या चकचकीत बटा निघतात. त्या बटा वेचायला त्यांची लेक तुळशी दिवसभर पडवीत असायची.

मशीनच्या डाव्या अंगाला दातेरी चाकं होती. त्यांच्यावरचं झाकण मिस्त्रीच्याच काळात फुटून गेलेलं.

"त्याच्यावर काही तरी घाल," गौरा म्हणायची.

"पाऊस सरला का पत्र्याचं करून बसवतो," ढवळू म्हणायचा. पाऊस सरायचा, मग भातकापणी यायची, मग गाड्यांच्या कामांची झुंबड.

एका दुपारी फळी त्याच्या पायाला जड लागली. तेल कमी झालं असेल असं वाटून त्यानं पाय जोरानं दाबला. मग तुळशी ओरडली.

दातेरी चाकांत तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं. सरकारी दवाखान्यातल्या माणसानं हात धुऊन बांधला, भगतानं पाला दिला, आणि पोर वाचली. सहा-सात वर्षांची होती, त्यामुळे उरलेल्या तीन बोटांनी जेवायला, बांधायला, विळा धरायला ती हळूहळू शिकली. ढवळूनं पट्टा उतरवला, मशीनवर गोणपाट टाकलं, आणि पडवीच्या तोंडाला काठ्यांचा कूड घातला. काम घेऊन आलेल्या माणसाला तो एवढंच सांगायचा, "ते बंद हाय." पाय जोरानं दाबल्याचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही, गौरालाही नाही.

तो उतारावरच्या नाचणीच्या वरकस जमिनीत राबायला लागला. चांगला राबायचा. पण राबताना मध्येच थांबून उजवा पाय जमिनीवरून उचलायचा आणि बघत राहायचा. गौराला वाटायचं काटा रुतला असेल.

तुळशी मोठी झाली. साखरशेतचं एक घर तिला मागायला आलं. माणसं चांगली होती. मुलाची आई, धोंडीबाई, तुळशीच्या हातून पाणी घेताना तिच्या बोटांकडे बघून म्हणाली, "आवणी करतेस का गं?"

"करते," तुळशी म्हणाली.

"मूठ धरवते रोपांची?"

"धरवते."

धोंडीबाई पाणी प्यायली, भांडं उपडं ठेवून गौराशी पावसापाण्याचं बोलली. पुन्हा त्या घरचं कुणी आलं नाही. गौरा चार दिवस चुलीपुढे बसून मुसमुसत होती. तुळशी मात्र ज्या कामाला जायची त्याच कामाला गेली.

त्याच हिवाळ्यात तुका आला. तुका मोखाड्याचा गाडीवान, ढवळूच्या जुन्या ओळखीचा. भात भरून घाटानं नेणं आणि येताना मीठ-मिरची आणणं हा त्याचा धंदा. गाडी वाटेवर सोडून चाकातला बुश काढूनच तो घेऊन आला होता. बुश एका बाजूनं इतका झिजला होता की आस आणि त्याच्यामध्ये बोट शिरलं असतं.

"ढवळूदादा, एवढा एक करून दे. चाक नुसतं डुलतंय."

"बंद हाय ते, तुका."

"ठाऊक हाय मला. पण नाशकाला जाऊन करून आणायचा तर हंगाम जाईल माझा. तू एक दिवस बसलास तर..."

"नाय बसवत."

तुकानं जास्त ताणून धरलं नाही. दारात उभ्या तुळशीकडे आणि तिच्या हाताकडे त्याची नजर गेली, तशी त्यानं ती खाली केली. बुशात चिंधी आणि चामड्याचा तुकडा कोंबून त्यानं चाक परत चढवलं आणि गाडी जोडली.

तोरंगणच्या उतारावर ते चाक निघालं. भरली गाडी कलंडली. एक बैल दरीत गेला, आणि तुकाचा पाय जोखडाखाली सापडून मांडीतून मोडला.

ढवळूला कळलं तेव्हा तो खळ्यावर होता. तसाच निघाला. तुळशी म्हणाली, "बा, मी येते." तो नको म्हणाला नाही. दोघं मोखाड्याला पोहोचली तेव्हा तुका घोंगडीवर पडलेला होता, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्याची बायको हौशी उरलेल्या एकट्या बैलाला पेंढा घालत होती. दोघा बापलेकींना बघून तिनं पाणी आणून ठेवलं आणि परत बैलाकडे गेली.

"माझ्यामुळं झालं," ढवळू म्हणाला.

"असं कसं? मला दिसत नव्हतं काय चाक डुलतंय ते? मीच भरली गाडी." तुका कण्हला आणि मान वळवून म्हणाला, "तू नाय म्हणालास ते बरोबरच होतं, दादा. ज्याच्या पोरीचं असं झालं तो माणूस परत हात लावील कसा? मी मागायलाच नको होतं."

ढवळूला त्यानं शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. तुळशी तुकाच्या तोंडाकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर ती बापाच्या पुढे पुढे चालत होती.

दुसऱ्या दिवशी ढवळू वरकस जमिनीत रोपांच्या जागेवर राब भाजण्यासाठी पालापाचोळा पसरत होता. खालून घराकडून लोखंडावर काही घासल्याचा आवाज आला. आधी त्यानं लक्ष दिलं नाही. मग त्यानं मान वर केली. तो आवाज त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. हातातली फांदी टाकून तो उतारावरून पळत सुटला.

पडवीचा कूड उपटलेला होता. गोणपाट बाहेर पडलं होतं. तुळशी नारळाच्या शेंडीनं राख आणि रॉकेल लावून मशीनवरचा गंज घासत होती. कोपरापर्यंत हात तांबडा झाला होता. गौरा अंगणात पदर तोंडाशी धरून उभी होती.

"सांग तिला," गौरा म्हणाली. "माझं ऐकत नाय. हे धूड कड्यावरून ढकलून दे म्हणून किती वर्षं सांगते तुला."

"तुळशे, बाहेर ये," ढवळू म्हणाला.

ती घासतच राहिली.

"बाहेर ये म्हणतो ना! काय करणार हाय तू त्याचं?"

"तुकाकाकाचा बुश."

"तुझं डोकं फिरलं काय? या मशीननं हात नेला तुझा!"

तुळशीनं शेंडी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. उजवा हात तिनं त्याच्या डोळ्यांपुढे धरला, गंजानं माखलेला, तीन बोटांचा.

"हात नाय नेला, बा. दोन बोटं नेली. हात इथं हाय, बघ. तीन बोटांनी मी आवणी करते, कापणी करते, पाणी भरते. पण तू घातलेला तो कूड बघून प्रत्येक माणूस विचारतो, हे का बंद हाय? मग कुणीतरी सांगतं, पोरीचा हात गेला म्हणून. साखरशेतच्या बाईनं माझा हात बघण्याआधी तो कूड बघितला होता."

ढवळूची नजर तिच्या हातावरून उपटलेल्या कुडाकडे गेली.

"मशीननं दोन बोटं घेतली," ती हळू आवाजात म्हणाली. "उरलेला हात तू घेतलास."

गौरा रडायला लागली. ढवळू पडवीच्या उंबऱ्यावर बसला. सूर्य माथ्यावरून कलायला लागला तरी तो तिथंच बसला होता, आणि तुळशीच्या घासण्याचा आवाज त्याच्या पाठीमागे चालू होता. शेवटी तो उठला. घरात जाऊन माळ्यावरून त्यानं पत्र्याचा एक जुना डबा काढला, कापून सरळ केला, आणि दगडावर ठेवून ठोकायला बसला.

"काय करतोस?" गौरानं विचारलं.

"झाकण," तो म्हणाला.

दातेरी चाकं पुरती झाकली जाईपर्यंत त्यानं तुळशीला पट्टा चढवू दिला नाही. जुना पट्टा उंदरांनी खाल्ला होता, नवा कापून शिवावा लागला. सांध्यासांध्यांत खुरासणीचं तेल सोडलं. सगळं झाल्यावर ढवळू फळीपाशी उभा राहिला. त्यानं उजवा पाय उचलला आणि फळीवर ठेवला. पाय खाली जाईना.

तुळशीनं त्याच्याकडे बघितलं. त्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि स्वतःचा पाय ठेवला.

चाक फिरलं. आधी कुरकुरलं, अडखळलं, मग त्याला लय आली. ढवळू तिच्या उजव्या अंगाला उभा राहून सांगत गेला: हत्यार एवढं पुढं, आता थांब, आता मागं घे, बिडाला घाई चालत नाय. तिची तीन बोटं हत्यार पुढंमागं सरकवायच्या चाकमुठीवरून घसरायची, म्हणून त्यानं मुठीला सुताचा दोर गुंडाळून ती जाड करून दिली. पहिला बुश बिघडला. दुसरा मधोमध तडकला. तिसऱ्याला ढवळूनं आत बोट फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं, आणि तिच्या हातात दिला.

तुकाचा भाऊ सोम्या येऊन तो घेऊन गेला. पुढच्या हंगामात हौशीनं उसना बैल जोडून गाडी घाटात घातली. तुका तिच्याशेजारी बसून कसं हाकायचं ते सांगायचा, पण त्याला पुन्हा नीट चालता आलं नाही.

पडवीत कामं यायला लागली. आधी जवळपासची, मग खोडाळ्याची, विक्रमगडची. कुणी म्हणायचे बाईच्या हातचं लोखंड नको, आणि नाशकाला जायचे. ढवळू कुणाला समजवायला गेला नाही. पुढे लक्ष्या नावाच्या एका विधुर गाडीवानानं तुळशीला मागणी घातली. तिनं त्याला पडवी दाखवली आणि म्हणाली, हे सोडून मी येणार नाही. तो सहा महिन्यांनी आपली पेटी घेऊन इकडेच राहायला आला.

ढवळू मानमोडीच्या साथीच्या साली गेला. त्या साली घरोघरी माणसं गेली. तोवर तो रोज तुळशीजवळ उभा राहून सांगायचा. फळीवर पाय मात्र त्यानं कधी ठेवला नाही, आणि का ठेवत नाही ते तुळशीनंही कधी विचारलं नाही.

गौराचं मशीनशी शेवटपर्यंत जमलं नाही. ती पडवीत पाऊल टाकायची नाही. पण सकाळी तुळशी कामाला बसायच्या आधी ती तिला अंगणात समोर बसवायची, तिचे केस घट्ट आवळून वर फडकं बांधायची, पदर कमरेला खोचून गाठ मारायची, आणि ती गाठ दोनदा ओढून बघायची.

"जा आता," मग म्हणायची.