अर्ध्या टाकीचं तत्त्व

आमच्या घरात देवाला कुणी फारसं विचारत नाही, पण अर्धी टाकी मानतात. बावीस वर्षांच्या आमच्या पिकअपमध्ये निम्म्याच्या वर डिझेल भरायचं नाही, हे आप्पांचं तत्त्व. "भरलेल्या टाकीने माणूस माजतो," असं ते पंपावर उभे राहून अनोळखी लोकांनाही ऐकवायचे. लोक माना डोलवायचे. म्हातारा माणूस ठणकावून बोलला की मूर्खपणालाही अनुभव म्हणायची पद्धत आहे.

एकदा मी हट्टाने टाकी फुल केली, तर घरी येईपर्यंत मागे सगळा रस्ता ओला. आप्पा खूश. "बघ, माजली."

शनिवारी मला पत्र आलं. डोंगरापलीकडच्या दवाखान्याला दर आठवड्याला ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायचे. सोमवारी सकाळी सातला सिलिंडर चढवायला गाडी हजर पाहिजे. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, मध्ये एकही पंप नाही. ऑक्सिजनसोबत डिझेलचा कॅन चालणार नाही, आणि गाडीखाली एक थेंब दिसला तर फाटकातूनच परत. नऊ वर्षं मी लोकांचे पलंग आणि कपाटं वाहत होते. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या नावाने कायमचं काम देत होतं.

"कशाला पाहिजे?" दादा म्हणाला. "सोमवारी भंगारवाला येतोय. मी बोललोय त्याच्याशी."

"मला न विचारता?"

"गाडी काय तुझी आहे?"

"चालवतं कोण?"

"आणि गळते तेव्हा खाली झोपतं कोण?"

हे मात्र खरं. दादा दर महिन्याला गाडीखाली झोपायचा. गाडी उभी करायची तिथे खाली पुठ्ठा टाकायचा, सकाळी डाग बघायचा आणि टाकीच्या पोटाला काहीतरी थापायचा. साबण, डांबर, मळून लावायची पुट्टी, एकदा तर च्युइंगम. एवढी माया त्याने बायकोवर केली असती तर वहिनी वर्षातले सहा महिने माहेरी नसती.

शेवटी ठरलं. रविवारी टाकी काढायची, दुरुस्त करायची, फुल भरायची. तासाभरात पुठ्ठ्यावर डाग पडला तर गाडी भंगारात. नाही पडला तर दादाने भंगारवाल्याला फोन करून नको म्हणायचं आणि जन्मभर तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवायची अट मी घातली, पण ती कुणाकडून पाळली जाईल असं मलाही वाटलं नव्हतं.

वेल्डरला सगळे 'भुवया' म्हणतात, कारण त्याला भुवया नाहीत. तरुणपणी एका रिकाम्या टाकीवर ज्योत धरली होती. "रिकामी टाकी भरलेलीपेक्षा हरामखोर असते, ताई," तो म्हणाला. "आत वाफ असते. तिने माझं कपाळ मोठं केलं."

बॅटरीची वायर काढली. तळाचा बोल्ट सोडून उरलेलं डिझेल कॅनमध्ये घेतलं. मग इंजिनाकडे जाणारी नळी, परत येणारी नळी, डिझेलच्या काट्याची वायर, भरायच्या तोंडाचा रबरी पाइप. टाकीखाली फळी ठेवून जॅक लावला. टाकी वरून-खालून वेढलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली होती, आणि पट्ट्यांचे बोल्ट इतके गंजले होते की पाना लागला की पापुद्रे गळायचे. तेल सोडलं, हातोड्याने ठोकलं, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. पहिला बोल्ट तेलाने सुटला. दुसरा शिव्यांनी.

दादा खुर्ची टाकून बसला होता. "जोर लावा, जोर."

"तू बोलू नकोस," मी म्हणाले. "तुझं काम तासाभराचं. पुठ्ठा बघायचं."

टाकी खाली आली. भुवयाने पोटावरचे दादाचे थर पटाशीने खरवडून काढले. बादलीभर निघाले. खालचा पत्रा बघून तो हसायलाच लागला. "अहो, इथे भोकच नाहीये! पत्रा नव्यासारखा आहे. एवढ्या थापांखाली गंजणार कसा?"

"मग गळतं कुठून?" दादा उठून उभा राहिला.

भुवयाने टाकी फिरवली. वरच्या अंगाला, जिथे पट्टा बसतो तिथे, पट्ट्याखाली काळं, कुजलेलं, ओलंच्या ओलं काहीतरी चिकटलं होतं. त्याने ते चिमटीत धरून ओढलं. गोणपाट. त्याच्याखाली पत्र्याची चाळण झाली होती. पावसाळे-उन्हाळे पाणी धरून बसलेलं गोणपाट पत्रा खात होतं. डिझेल वरच्या भोकातून यायचं, अंगावरून ओघळायचं आणि पोटावरून टपकायचं. निम्म्याच्या खाली असलं की खड्ड्यात उसळेल तेवढंच. दादा सात वर्षं टाकीच्या पोटाला मलम लावत होता आणि दुखणं डोक्यात होतं.

"कुठल्या गाढवाने घातलं हे?" दादा ओरडला.

मी गोणपाट उलगडलं. घडी घालून कडेने शिवलेलं होतं, एक आडवा, दोन तिरपे, मग गाठ. आप्पांनी धान्याच्या गोदामात तीस वर्षं पोती शिवली. असा टाका दुसरं कुणी घालत नाही.

आप्पा ओसरीत रेडिओ ऐकत होते. मी ते चिंधूक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"तुमचं तत्त्व."

त्यांनी टाक्यावरून बोट फिरवलं. नाकारायची सोय नव्हती. "खडखड करायची टाकी," ते म्हणाले. "तुझी आई पुढे बसायची. डोकं दुखतं म्हणायची."

"मग गळायला लागल्यावर काढलं का नाही?"

"वर्षभराने गळायला लागली. फुल असली की. अर्धी असली की नाही." त्यांनी रेडिओ बारीक केला. "पण खडखड बंद झाली होती ना?"

मला ओरडायचं होतं. इतकी वर्षं पंपावर लोकांना प्रवचन देणारा हा माणूस स्वतःच्या गोणपाटावर बसला होता. आईचं नाव मध्ये आणलं म्हणून मी गप्प बसेन, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उठा," मी म्हणाले. "दाभण घ्या. पट्ट्याखाली रबर लागणार आहे. पाणी धरणार नाही असं."

भुवयाने टाकी गरम पाण्याने आणि कपड्यांच्या पावडरीने तीनदा धुतली, हुंगली, चौथ्यांदा धुतली. मग भोकाखाली दोन बोटं राहतील इतकं पाणी भरलं, झाकण उघडं ठेवलं आणि कुजका पत्रा कातरीने कापून टाकला. नवीन तुकडा बसवून पितळेने कडा भरली. ज्योत पेटली तेव्हा दादा भिंतीमागे गेला. पाणी काढल्यावर जोडावर साबणाचा फेस लावला. बाकी तोंडं बंद करून एका नळीतून फुंकायचं होतं, ते काम दादाला दिलं.

"फुंक," मी म्हणाले. "तुझ्या तोंडच्या वाऱ्याचा पहिल्यांदाच उपयोग होतोय."

एकही बुडबुडा आला नाही.

आप्पांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दुहेरी करून शिवल्या, एक आडवा, दोन तिरपे, आणि पाणी निघून जायला भोकं पाडली. मी न सांगता. टाकी वर चढली.

पंपावर आप्पा माझ्या शेजारी बसले होते. पंपवाला ओळखीचा. "अर्धी ना?"

"फुल."

त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी काचेबाहेर पाहिलं.

घरी आल्यावर दादाने नवा पुठ्ठा टाकला आणि टॉर्च घेऊन पोटावर झोपला. तास झाला. पुठ्ठा कोरडा. त्याने बोट फिरवलं, हुंगलं, पुन्हा फिरवलं, मग उठून केबिनमध्ये डोकावला.

"डिझेलचा काटा वर अडकलाय बघ," तो म्हणाला. "बिघडला."

"भरलेली टाकी अशीच दिसते. फोन लाव."

त्याने लावला. भंगारवाल्याशी इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा आप्पा खिडकीशी आले. टाकी वाजते का, हे ऐकायला कान लावला. वाजत नव्हती.

"दवाखान्यात पोचशील तेव्हा किती राहील?"

"अर्धी."

त्यांचा चेहरा उजळला. "मग हरकत नाही. म्हणजे तत्त्व राहिलं."

"बाजूला व्हा, आप्पा. पायावरून जाईल," मी म्हणाले आणि गिअर टाकला.