केक कोणी आणायचा

टेबलावर केक आधीच होता.

सुमती दारात थांबली. तिच्याही हातात खोका होता, सफरचंदाच्या केकचा, फेल्डहोवनच्या घरून सायकलवर जपून आणलेला. या डच ऑफिसचा रिवाज साधा: ज्याचा आनंद, त्याने केक आणायचा. चंद्राला वळसा घालून परत येणारं, आत माणूस नसलेलं चाचणीचं यान अवकाशात पोचलं होतं. आता त्याचे सौरपंख उघडायचे होते. पंखांच्या बिजागऱ्या सुमतीच्या.

सुरी तिच्याच टीममधल्या लोकेशच्या हातात होती.

त्याआधी.

लॉकडाऊन. लॅबमध्ये एका वेळी एकच माणूस. सुमतीला दमा, म्हणून ती घरी; लोकेश आत. थंडीच्या चाचणीत बिजागरी अडकत होती. ग्रीस गोठतंय, हे तिने स्वयंपाकघरात बसून कॅमेऱ्यातून ओळखलं. ते पुसून कोरडा लेप द्यायला तिने सांगितलं. त्याने दिला.

घरी एकाच पाहुण्याला परवानगी होती. तो पाहुणा दर रविवारी लोकेश. ताई, तुझ्या हातचं वरण खाल्लं की नागपूर आठवतं, म्हणायचा.

काम विमसाहेबांपुढे तोच मांडणार होता. पहिल्याच स्लाइडवर तुझं नाव टाकतो, म्हणाला. तिने स्लाइड बघायला मागितली नाही. आपल्या माणसाकडे काय मागायचं.

आत्ता.

तिने खोका कोटांखाली सरकवला. सगळे मास्क लावून, अंतर ठेवून स्क्रीनसमोर उभे. पंख उघडायचा आदेश गेला. लोकेश हळूच तिच्या बाजूला आला.

"ताई, उघडतील ना?"

म्हणजे तो कोरडा लेप थंडीत का टिकतो, हे त्याने कधी समजूनच घेतलं नव्हतं.

"स्लाइडवर माझं नाव होतं?"

"विम म्हणाला, एकच नाव ठेव. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस."

"नसतं केलं."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मास्कच्या वरच्या कडेला घाम जमला होता.

"उघडतील," ती म्हणाली.

उघडले. एक, मग दुसरा. टाळ्या. सगळे लोकेशकडे वळले.

इथे ज्याचा आनंद, त्याच्या जवळच्यांचंही अभिनंदन करतात. मुलाचा वाढदिवस असला की आईचंही. म्हणून विमसाहेब सुमतीकडे आले. कोपर पुढे केलं.

"लोकेशबद्दल तुझंही अभिनंदन. तुम्ही दोघं अगदी जवळचे ना?"

"होतो," सुमती म्हणाली, आणि कोपराला कोपर टेकवलं.