वाऱ्यावर घेतलेलं नाव

आषाढात सुप्याच्या माळावरचा वारा माणसाला तालुक्याला जाऊ देत नाही. एसटी जाऊ देते, पण ती पोचते बाराला आणि बालवाडीच्या बाईची मुलाखत अकराला. हे ज्यांनी ठरवलं ते जीपनं येतात.

म्हणून एकाहत्तर साली आम्ही तिघी नवऱ्यांच्या सायकली घेऊन निघालो. नऊवारीचा काष्टा थोर पूर्वजांनी सायकलच्या दांड्यासाठीच शोधला असावा. जागा हवी होती छबूबाईला. लंकाबाई आणि मी सोबतीला.

छबूबाई सातवी पास, गाणी-गोष्टी तोंडपाठ. तरी गेल्या वर्षी परत आलेली. साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं आणि हिचं तोंड शिवलं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूनं सांगितलेलं. "स्वतःचं पूर्ण नाव येईना, पोरांना काय शिकवणार?" म्हणून साहेबांनी वाटेला लावली. त्यात नवऱ्याचं नाव कारभारी. आम्ही बाकीच्या आपापल्या नवऱ्याला खुशाल 'कारभारी' म्हणतो. हिला तेवढीही सोय नाही.

वारा तोंडावर. पायडल मारावं तर सायकल जागेवर. लंकाबाई अंगानं भरलेली, म्हणून ती पुढं, आम्ही तिच्या आडोशाला.

"माझ्यामागं लपताय व्हय गं, भवान्यांनो?" ती ओरडली. "छबे, घे नाव! हितं कोन ऐकतंय?"

"न्हाई बाई. वारं गावाकडं चाललंय. त्यांच्या कानावर जाईल."

"मग हो पुढं. आता तू खा वारा."

छबूबाई पुढं झाली. तिचा पदर फडाफडा माझ्या तोंडावर. चढ लागला, मांड्या पेटल्या. अर्ध्या चढावर ती उभ्यानं पायडल मारत एकदम किंचाळली, "कारभारीऽऽ!"

नाव माझ्या कानावरून गावाकडं गेलं. आम्ही इतक्या हसलो की दोन सायकली कलंडल्या. मग चढ संपेस्तोवर ती ओरडतच राहिली. वीस वर्षांचं साठलेलं.

तालुक्याला मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"कारभारी."

"कळलं हो बाई, तुमचे कारभारी. पण नाव काय त्यांचं?"

"कारभारी!"

"लाजू नका, बाई."

तेव्हा छबूबाईनं चढावरचा आवाज काढला. साहेबांनी मुकाट्यानं जागा दिली.

येताना वारा पाठीशी. पदर पुढं उडत होते आणि आम्ही त्यांच्या मागं. पायडलला काम नव्हतं. लंकाबाईनं तर दोन्ही हात सोडले आणि ओवी म्हणायला लागली. छबूबाईच्या मुठी मात्र हँडलवर घट्ट.

"आयुष्य किती कमी झालं असंल गं?" तिनं हळूच विचारलं. "लई वेळा घेतलं मी."

घरी कारभारी ओट्यावर बसलेले. हातात तांब्या, डोळ्यांत पाणी.

"सकाळधरनं... हिक्... उचकी थांबंना. कोन आठवण काढतंय कुनास ठाऊक!"

छबूबाईनं सायकल भिंतीला टेकवली. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"थांबंल आता," ती म्हणाली. "नाव घेनारी घरी आली."

उचकी जागच्या जागी थांबली.