पांढरी पेटी

मी एक जुनी चादर आहे. अंगावर घ्यायची नव्हे, शवपेटीवर घालायची. पांढरं रेशीम, मधोमध सोनेरी क्रॉस, आतून तांबडं अस्तर. अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठी आमचं गाव आहे. तिथल्या संत बर्नबासच्या एपिस्कोपल चर्चमध्ये, वेदीमागच्या खोलीतला सगळ्यांत खालचा लांब खण माझा. मित्रांनो, म्हाताऱ्या चादरीनं मऊ मऊ बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर मला माफ करा. मला राग आलेला आहे. तो पुष्कळ वर्षं खणात पडून चांगला मुरलेलाही आहे.

चर्चमधल्या बायकांनी एका हिवाळ्यात शेगडीभोवती बसून मला शिवलं. माझ्या क्रॉसचा उजवा हात डाव्यापेक्षा किंचित लांब आहे, कारण तो भरणाऱ्या दोघींचं आपसांत पटत नव्हतं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. मला एवढी मोठी करायची, की चारी बाजूंनी मी जमिनीला टेकले पाहिजे. का, तर खालची पेटी कुणाला दिसू नये. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण शिकलेसवरलेले लोकही ती विसरतात.

माझं काम साधं होतं. पेटी चर्चच्या दाराशी आली की तिच्यावर जे काही असेल, फुलं म्हणा, सैनिकाचा झेंडा म्हणा, ते सगळं तिथंच उतरवायचं आणि वर मला घालायचं. मग आत जायचं. आत गेल्यावर सावकार कोण आणि हमाल कोण, हे सांगून दाखवा पाहू! सगळे पांढरे.

अमोस स्टोवर मासेमारीच्या बोटीवर होता. सरोवर गोठलं होतं, बोटी अडकल्या होत्या, कुणाच्याच हाताला काम नव्हतं, आणि त्यातच तो छातीच्या दुखण्यानं गेला. घरात पेटीला पैसे नव्हते. मग त्याच्या सोबत्यांनी बोटींच्या शेडमध्ये मासळीच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून पेटी केली. डांबराचा वास येत होता. एका बाजूला मासळी कंपनीची निळी अक्षरं तशीच होती. त्याची बायको विनिफ्रेड दारात उभी होती. पेटी खाली ठेवली तेव्हा तिनं त्या अक्षरांकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग मला घातलं. त्या दिवशी मी जमिनीपर्यंत पोचले याचा मला जितका अभिमान वाटला, तितका पुन्हा कधी वाटला नाही.

त्यांचा मुलगा लायल तेव्हा लहान होता. शेजारची अर्सुला त्याला हाताला धरून घेऊन आली, तोवर मला पेटीवर घातलं होतं. प्रार्थना संपल्यावर ती त्याला तशीच घरी घेऊन गेली, कारण दफनभूमीत बर्फ फार होतं. म्हणजे त्या पोरानं पाहिलं ते फक्त मला.

पेटीचा एक खिळा वर आलेला होता, त्यानं माझं अस्तर टरकन फाटलं. पुढच्या रविवारी विनिफ्रेड आपणहून आली आणि म्हणाली, "माझ्या माणसानं फाडलं, मी शिवते." जाळी दुरुस्त करून ती पोट भरायची, म्हणून तिनं जाळ्याचाच दोरा आणला होता. जाळ्याला मारतात तशी जाडजूड गाठ तिनं माझ्या अस्तरात मारली. रेशमाची बारीक कामं करणाऱ्या बायकांनी नाकं मुरडली. पण ती गाठ सुटली नाही, आणि विनिफ्रेडही मला सोडून गेली नाही. धुणं, इस्त्री, नळीवर गुंडाळणं, सगळं तिच्याकडे आलं.

मासे डबाबंद करण्याच्या कारखान्याचे मालक गेले तेव्हाची गोष्ट. त्याच आठवड्यात टोबी नावाचा, गुत्त्याच्या पायरीवर झोपणारा एक माणूसही गेला होता. मालकांची बायको जाळीची टोपी घालून आली आणि मला बोटाच्या टोकानं उचलून म्हणाली, "हीच का ती, टोबीवर घातलेली? दुसरी नाही का?"

"नाही बाई," विनिफ्रेड म्हणाली. "स्वर्गाला दोन दरवाजे असतील तर कळवा, दुसरी शिवून ठेवते."

अशी ती बाई होती.

मग दिवस फिरले. लोक जळून, राख होऊन डब्यातून यायला लागले. त्या डब्यासाठी रुमालाएवढी एक चिमुकली चादर आली, नव्या कोऱ्या मशिनवर शिवलेली. तिला वरचा खण मिळाला. तिचं कौतुक काय, तिचे फोटो काय! मी खाली अंधारात. मला तिचा हेवा वाटतो का? वाटतो. सरळ सांगते.

पण हेवा परवडला. पुढे जे झालं ते मी मेले तरी विसरणार नाही. चर्चच्या वसंतातल्या सामुदायिक जेवणाच्या दिवशी, ब्रेंडा नावाच्या एका नव्या उत्साही बाईंनी खण उघडला, "अय्या, किती छान टेबलक्लॉथ!" म्हणाल्या आणि मला हॉलमधल्या लांब टेबलावर पसरलं. माझ्या क्रॉसवर हॅमचं ताट! बटाट्याचं सॅलड! कुणीतरी मोहरीची चटणी सांडली आणि कागदी रुमालानं ती आणखी चोळली. लोक हसत होते, वाढून घेत होते, आणि मला तोंड नव्हतं.

विनिफ्रेड उशिरा आली. तिनं पाहिलं. ती एकेक ताट उचलून खिडकीत ठेवू लागली. लोक काटे हातात धरून थिजले.

"जेवा, जेवा," ती म्हणाली. "थांबलात का? ब्रेंडा, याच चादरीखालून तुझ्या सासऱ्यांना नेलं होतं. त्यांना हॅम आवडायचं."

डाग तिनं आठवडाभर घासला. त्याची पिवळी सावली अजून आहे. त्या दिवशी मला गुंडाळताना ती अर्सुलाला म्हणाली, "मला हिच्याखालूनच ने. पेटी कसलीही असू दे, पण वर ही पाहिजे. वचन दे." अर्सुलानं दिलं.

आणि या वर्षी बर्फ वितळता वितळता विनिफ्रेड गेली.

अंत्यविधी ठरवायची बैठक माझ्याच खोलीत झाली, कारण ऑफिसातला हीटर बंद होता. तिघं होती. अर्सुला, आता काठी टेकत चालणारी. नव्या धर्मगुरू मदर फिलिपा, स्वभावानं चांगल्या, पण कुणी नाराज होईल या भीतीनं सदा घाबरलेल्या. आणि विनिफ्रेडचा मुलगा लायल. तो ॲरिझोनात मोटारी विकतो. आईकडे तो इतक्या वर्षांनी आला होता, की चर्चचा रस्ता त्याला विचारावा लागला.

त्यानं फोनवर पेटीचा फोटो दाखवला. ब्राँझची. आरशासारखी चकचकीत, चारी कोपऱ्यांना देवदूत.

"झाकण अर्धं उघडं ठेवू या," तो म्हणाला.

"नाही, चर्चमध्ये पेटी बंदच असते," मदर म्हणाल्या.

"बरं, बंद. पण त्यावर काही घालायचं नाही. लिलीची फुलं तेवढी ठेवू. एवढी पेटी घेतली ती लोकांना दिसली पाहिजे."

"वर चादर घालायची," अर्सुला म्हणाली. "तुझ्या आईनं माझ्याकडून वचन घेतलंय."

"आई जन्मभर काटकसर करत आली, मावशी. आता शेवटचं तरी थाटात होऊ दे की. मदर, तसा नियम आहे का?"

मदर फिलिपांनी प्रार्थनांचं पुस्तक उघडलं. मला वाटलं, आता बसणार याला चपराक. "पुस्तकात चादरीनं झाकणं 'उचित' आहे, असं म्हटलंय," त्या हळूच म्हणाल्या. "'झाकलंच पाहिजे' असं नाही. शेवटी कुटुंबाच्या भावना..."

उचित! मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, तरी गेली. टोबी आणि कारखान्याचा मालक ज्या एका गोष्टीखाली सारखे झाले, ती 'उचित'? पाहुण्यांना कॉफी विचारणं उचित असतं! आणि कुटुंबाच्या भावना म्हणे. विनिफ्रेड रोज संध्याकाळी एकटी बसून सूप गरम करून प्यायची, तेव्हा कुठं होत्या या भावना?

अर्सुलाचाही तोल गेला. "तू पेटी दाखवायला आलायस की आईला पोचवायला?"

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्ये? तिला दवाखान्यात नेताना मध्ये मीच होते, रे बाबा. तू फोनवर होतास. 'मीटिंगमध्ये आहे' म्हणालास."

लायलचा चेहरा लाल झाला. "मला माहितीये मी काय केलं नाही ते!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणूनच. माझ्या बापाला कसं नेलं होतं, मला आठवतं. आमच्याकडे खायला नव्हतं, तरी आईनं त्याला पांढरी पेटी घेतली होती. रेशमी, सोनेरी क्रॉसची. त्यानंतर आईनं मला कुणाच्याच अंत्यविधीला नेलं नाही, गावात तशी पेटी मी पुन्हा पाहिली नाही. तिनं ती कशी घेतली असेल, काय विकलं असेल, देव जाणे. आणि मी तिला साध्या पेटीत घालू? ब्राँझची घेतली तरी ती त्या पेटीच्या पासंगाला पुरत नाही, मावशी."

अर्सुलाचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग ती काठी भिंतीला टेकवून गुडघ्यांवर बसली आणि तिनं माझा खण ओढला.

"ये इकडे. हे टोक धर."

दोघांनी मला उलगडलं. खिडकीतून आलेला उजेड माझ्या क्रॉसवर पडला. लायल पाहतच राहिला.

"ही... म्हणजे ती पेटी?"

"पेटी नव्हतीच रे ती. पांढरी पेटी नव्हतीच. ही होती. खाली मासळीच्या खोक्यांच्या फळ्या होत्या. तुझ्या बापाच्या सोबत्यांनी ठोकलेल्या."

"खोटं."

"खोटं?" तिनं माझी कड उलटी केली आणि तांबडं अस्तर त्याच्यासमोर धरलं. "त्या फळ्यांच्या खिळ्यानं हे फाटलं. आणि हे कुणी शिवलं ते तूच सांग. तुला ओळखायला पाहिजे."

त्यानं गाठीवर अंगठा ठेवला. लहानपणी याच गाठी मारायला तो आईशेजारी बसायचा. त्यानं ती एकदा चाचपली, दोनदा चाचपली, आणि तिथल्याच स्टुलावर तो खाली बसला.

"आईनं कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"काय सांगणार? तू दाराशी पोरांना सांगत सुटला होतास, माझ्या बाबाची पेटी गावात सगळ्यात भारी होती म्हणून. ती दारामागे उभी राहून ऐकायची आणि रडायची."

तुम्हाला वाटेल, माझा राग तिथं विरघळला. नाही विरघळला. जी बाई ही गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवून जगली, तिच्याकडे एकदा येऊन 'बाबाची पेटी कशी होती गं' एवढं विचारायला याला फुरसत मिळू नये? उत्तर त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं, आणि हा ब्राँझच्या देवदूतांचे भाव विचारत होता! पण त्याचा अंगठा गाठीवरून हलत नव्हता. तेवढा वेळ मी राग आवरला.

"मग... झाकू या ना?" मदर फिलिपांनी बारीक आवाजात विचारलं.

"बघा बाई," अर्सुला म्हणाली, "उचित असेल तर."

विनिफ्रेडला आणलं त्या दिवशी वारा होता. लिलीचा ढीग दाराशीच उतरवला. चकचकीत पेटीत सगळ्यांची तोंडं दिसत होती. लायलनं माझं एक टोक धरलं, अर्सुलानं दुसरं. त्यानं मला वाकडं घातलं. अर्सुला "ओढ जरा तुझ्याकडे" म्हणाली, तेव्हा त्यानं वाकून चारी बाजूंनी मला जमिनीपर्यंत नीट खेचलं. ब्राँझ गेलं, देवदूत गेले. खाली विनिफ्रेड होती आणि वर मी. तिची गाठ तिच्याच अंगावर होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागते. मला घडी घालून ठेवू नका, रेशीम घडीवर मोडतं. नळीवर गुंडाळा. माझ्यावर ताटं ठेवू नका, एवढं तरी कराल की नाही? आणि तुमच्या घरात एखादी जाड गाठ, एखादं बेढब ठिगळ असेल, तर ते कुणी शिवलं आणि कशासाठी, हे शिवणारं माणूस जिवंत आहे तोवर विचारा. चादरीला सांगता येत नाही. मला सांगता आलं असतं, तर मी केव्हाच ओरडून सांगितलं असतं.

दफन करून परत आल्यावर लायल मला हातावर टाकून हॉलमध्ये उभा होता. कॉफी चालली होती, अंड्याची सँडविचेस फिरत होती. क्लीव्हलँडहून आलेला त्याचा चुलतभाऊ जवळ आला. तो चर्चमध्ये सगळ्यांत मागे बसला होता आणि दफनभूमीत आलाच नव्हता.

"काय रे लायल, पेटी कसली घेतलीस? मला काही दिसलीच नाही."

लायलनं माझं अस्तर बोटांनी चाचपलं, गाठ सापडेपर्यंत.

"पांढरी," तो म्हणाला. "बाबाला होती तशीच."