सरजाबाईची जागा

"परमेश्वराची वेळ कधीही चुकत नसते," मरीआईच्या ओट्यापुढे जमलेल्या सगळ्या गावाला केरबाने खणखणीत आवाजात सांगितले. तेवढ्यात बळीसाठी आणलेल्या बकऱ्याने त्याच्या उपरण्याचा हातभर तुकडा चावून गिळला. ज्याला कापू नका म्हणून वकिली चालली होती त्यानेच वकिलाचे कपडे खाल्ल्यावर सभेला हसू आवरेना.

केरबा जयकृष्णी, म्हणजे महानुभाव पंथाचा. नवराबायकोने माहूरला उपदेश घेतलेला. देव एकच मानायचा आणि जीव मारायचा नाही. गावाचा रिवाज असा, की दुष्काळात मरीआईला बकरे द्यायचे, आणि त्याआधी घरोघरच्या कर्त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. एक हात कमी पडला तर देवी पावत नाही. केरबाने हात ठेवला नाही. बकरे कापले, रस्सा झाला, पाऊस आला नाही. रश्श्यात कुणाला काही कमी वाटले नव्हते. कमी पडला तो केरबाचा हात.

गाव नुकतेच नव्या लातूर जिल्ह्यात गेले होते. जिल्हा आला, पाणी तेवढे यायचे राहिले, असे पारावर म्हणत. गावविहिरीच्या तळाला जे गढूळ उरले होते, ते हणमंतराव पाटलांच्या हुकमाने केरबाच्या घराला बंद झाले. दळण बंद, न्हावी बंद, शेजारच्या दगडोबाचे बोलणे बंद. दगडोबा भिंतीपलीकडून खोकायचा, शेजारधर्म तेवढाच उरला.

"काय जयकृष्णी," हणमंतराव पारावरून विचारायचे, "तुमच्या देवाच्या घड्याळाला चावी द्यायची राहिली का?"

"घड्याळ त्याचं हाय, मालक. चावी मी कशी देऊ?"

केरबा हे टोमण्याला टोमणा म्हणून बोलत नव्हता, त्याला खरेच तसे वाटत होते. त्याला झोपही शांत लागायची, आणि गावाचा खरा राग त्या झोपेवर होता.

त्याची बायको सरजाबाई नदीच्या कोरड्या पात्रात झरा उकरून वाटीवाटीने घागर भरायची. "भरवसा माझाबी हाय," ती म्हणायची, "पर घागर माझ्या डोक्यावर हाय. तेवढं त्याच्या कानावर घाला."

त्याच झऱ्याच्या पाण्याने वैशाखात ती हगवण-उलटीने आडवी झाली. उदगीरच्या दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती. केरबा हणमंतरावांच्या दारात गेला.

"गाडी जुंपतो की," ते म्हणाले. "वट्यापुढं दुसरं बकरं बांधलंय. नुसता पाठीवर हात ठेव, कापायचं आमी बघू. बाई वाचंल, गावबी वाचंल."

केरबा घरी आला. सरजाबाईच्या तोंडात दोन घोट पाणी घातले आणि पुन्हा उंबऱ्याकडे वळला. तिने धोतराचा सोगा धरला.

"कुठं निघालाव?"

"हात ठिवून येतो. त्यो समजून घील."

"त्यो घील. मी न्हाई घ्यायची." तिला दम लागला. "माहूरला शब्द दोघांनी दिला. तुमी एकट्यानं कसा मोडता? बसा इथं. वेळ त्याची हाय म्हणत व्हता न्हव?"

केरबा बसला. दिवस वर आला तशी ती गेली. भिंतीपलीकडे दगडोबा त्या दिवशी खोकलासुद्धा नाही.

वेळेचे ते वाक्य केरबाने मनात म्हणून पाहिले. 'परमेश्वराची' या पहिल्या शब्दापुढे ते जाईना. मग तो तेवढा एक शब्दच धरून राहिला.

त्यांच्या पंथात माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. खांद्याला कुणी आले नाही. चादरीत गुंडाळून केरबाने एकट्याने तिला ओढ्याकाठच्या आपल्या पडीक तुकड्यात नेले, बाभळीखाली ठेवले आणि खड्डा घेतला. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून खोल, आणखी खोल. छातीएवढे गेल्यावर मुरूम फुटला आणि उपसलेल्या पहारीमागून पाणी आले. आधी बोटाएवढी धार, मग पाय बुडेपर्यंत. केरबाने माती लोटून ते बुजवून पाहिले. बुजेना. तो वर येऊन काठावर बसला.

दगडोबाने लांबून पाहिले आणि त्याचा आवाज एकदम परत आला. दिवस कलेपर्यंत घागरींची रांग लागली. बाभळीजवळून जाताना बाया तोंडाला पदर लावत होत्या, पण घागर हिंदकळू देत नव्हत्या.

हणमंतराव आले. त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"केरबा, चुकलं आमचं. तुझ्या देवाची वेळ भरली बघ. आज गाव तुझ्या शब्दाभायेर न्हाई. काय मागायचं ते माग. इथं देऊळ बांधा म्हणलास तर देऊळ बांधतो."

आता हा सगळ्यांना धुऊन काढणार, असे रांगेतला जो तो समजला, आणि दोघातिघांनी तर माना आधीच खाली घातल्या. केरबाने चिखलाचे हात धोतराला पुसले.

"पाणी न्या. कुणालाच अडवू नका, बौद्धवाड्यालाबी न्हाई. देवानं सगळ्यांसाठीच दिलं असंल." त्याने बाभळीकडे पाहिले. "फकस्त घागरी भरून झाल्या की दोघंजण थांबा, मालक. कोरड्यात दुसरा खड्डा खांदायचाय. माझे हात आता चालंनात."